पेटी घरात, किल्ली कोणाकडे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक पेटी विकत घेतली. आम्ही म्हणजे जळगाव आणि धुळे इथली आमची दोन छोटी सल्ला केंद्रं. केंद्र हा शब्द तसा मोठाच आहे. जळगावचं केंद्र म्हणजे माझ्या घराची पुढची खोली, दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट. धुळ्याचं केंद्र म्हणजे एका मैत्रिणीच्या घरातली जिन्याखालची जागा. भाड्याची खोली परवडत नाही. त्यामुळे बायांचे अर्ज, जबाब, जखमांचे फोटो, दवाखान्याचे कागद, मोबाइलवर टेप केलेल्या धमक्या असं सगळं आमच्या राहत्या घरातच असतं. ही पेटी त्यासाठी.

दुकानात तिला 'नॅस' म्हणतात, म्हणजे नेटवर्कला जोडायची साठवण. मोठ्या पोळ्यांच्या डब्याएवढी असते. आत दोन हार्ड डिस्क बसतात. घरातल्या राउटरला वायरने जोडली की घरातल्या कुठल्याही फोनवरून किंवा संगणकावरून तिच्यात वस्तू ठेवता येतात, काढता येतात. घेण्याआधी मी स्वस्तातल्या पेट्यांची बरीच परीक्षणं वाचली. वेग किती, आवाज किती, सिनेमा अडखळतो का, हे सगळं त्यांत होतं. ही पेटी घरात ठेवल्यावर तिची किल्ली घरातल्या कोणाकडे राहील, हे कुठेच नव्हतं. परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या मते घर म्हणजे एकच माणूस असावा. आपल्याकडे येणाऱ्या बायांना घर म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं, म्हणून हे लिहायला बसले.

पेटीची गरज का पडली ते आधी सांगते. आमच्याकडे आधी रजिस्टरं होती, मग कॅसेट, मग सीडी, मग संगणकाला लावायची एक हार्ड डिस्क. तीन वर्षांपूर्वी ती डिस्क टेबलावरून पडली. पडल्यावर आतून टकटक आवाज येऊ लागला आणि संपलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलेली रक्कम आमच्या वर्षाच्या खर्चाएवढी होती, तीही खात्री न देता. त्या डिस्कवर अकरा जणींच्या जखमांचे फोटो होते. त्यातल्या एकीची पुढच्याच महिन्यात तारीख होती. तिचा स्वतःचा फोन सासरच्यांनी आधीच फोडलेला. "ताई, तुमच्याकडे आहे ना, म्हणून मी निर्धास्त होते," असं ती म्हणाली. त्या दिवशी मी तिच्याकडे मान वर करून बघू शकले नाही.

गूगलवर का ठेवत नाही, असं पुष्कळ जणी विचारतात. फुकटची १५ जीबी जागा फोटो आणि आवाजाच्या फितींनी भरायला वेळ लागत नाही, पुढे दरवर्षी भाडं भरावं लागतं. आमच्यासारख्या संघटनेत एखादं वर्ष असं येतंच की वर्गणी जमत नाही. शिवाय खातं कोणा एकीच्या नावावर, तिच्या फोन नंबरवर. ती आजारी पडली, नंबर बदलला, की सगळ्या अडकल्या. पण एक कबूल करते. जी बाई आजही मारणाऱ्याच्याच घरात राहते, तिने असली पेटी घेऊ नये. घरातली वस्तू फोडता येते, विकता येते. तिच्यासाठी नवऱ्याला माहीत नसलेलं, बाहेरचं एक खातं आणि एका विश्वासू मैत्रिणीकडे कागदाच्या झेरॉक्स, हेच बरं. पेटीचा विचार संघटनेने करावा, किंवा जिच्या घरात तिचं चालतं तिने.

आता खर्च. पेटी १७ हजार, चार-चार टीबीच्या दोन डिस्क मिळून २१ हजार, यूपीएस साडेचार हजार, म्हणजे ४२,५०० रुपये. एका डिस्कची सर्वांत स्वस्त पेटी बरीच कमीत मिळत होती. ती घेतली नाही, कारण एकच डिस्क म्हणजे पुन्हा तेच टेबल आणि तेच पडणं. दोन डिस्कच्या पेटीत दोन्हींवर तेच तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी असते. डिस्क घेतानाही डोळे उघडे ठेवा. काही स्वस्त डिस्कमध्ये लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यांना एसएमआर म्हणतात. पेटीतली एक डिस्क बदलून सगळं पुन्हा लिहायची वेळ आली की अशा डिस्क फार रखडतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटल या मोठ्या कंपनीला मान्य करावं लागलं होतं, की खास नॅससाठी म्हणून विकलेल्या तिच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच प्रकारच्या होत्या आणि तसं आधी सांगितलेलं नव्हतं. दुकानदाराला 'सीएमआर आहे का' एवढं विचारा. त्याला माहीत नसेल तर त्याला शोधायला लावा.

विजेचं म्हणाल तर रात्रंदिवस चालू ठेवूनही आमची पेटी महिन्याला बारा-तेरा युनिटच खाते. त्रास विजेच्या जाण्यायेण्याचा आहे. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून यूपीएस चैन म्हणून धरू नका. आणि ऊन! अशा बहुतेक पेट्यांच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ४० अंशांच्या आत असावं असं छापलेलं असतं. ते छापणारे मे महिन्यात जळगावला आलेले नाहीत. इथे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नका. आम्ही पेटी आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, कूलरच्या ओलाव्यापासून लांब ठेवली. मेमध्ये दुपारी बारा ते पाच ती बंदच ठेवतो. पेटीला आमच्यापेक्षा जास्त विश्रांती मिळते यावर धुळ्याच्या मैत्रिणीने बरंच तोंडसुख घेतलं.

आता किल्लीकडे येते. पेटी बसवून दिली माझ्या मुलाने. तो पुण्याला असतो, याच कामातला आहे. दोन तासांत सगळं जोडलं, मुख्य पासवर्ड त्याच्या फोनवर साठवला आणि म्हणाला, "आई, तू काही बघू नकोस. काही अडलं तर मी तिथून बघतो." मला हायसं वाटलं. चार दिवसांनी यावल तालुक्यातली एक बाई आली. तिचा जबाब झाला, फोटो काढायची वेळ आली तेव्हा तिने पदर आवरून विचारलं, "मन्हा फोटू कोन देखी व माय?" माझा फोटो कोण बघेल? नेहमीचं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं, की मी, वकीलबाई आणि न्यायाधीश. ते मी बोलू शकले नाही, कारण ते खरं नव्हतं. पुण्यातला एक तरुण, जो मला अतिशय प्रिय आहे आणि असं काही बघणारही नाही, तो मनात आणलं तर बघू शकत होता.

माझा मुलगा चांगला आहे. पण त्या बाईने विश्वास टाकला होता तो माझ्यावर, माझ्या मुलाच्या चांगुलपणावर नव्हे. आपण तीस-चाळीस वर्षं बायांना सांगत आलो, की चेकबुक समजून घ्या, घराच्या उताऱ्यावर नाव लावून घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि संगणकाची गोष्ट आली की आपणच म्हणतो, "ते मुलगा बघतो", "ते भाचा बघतो", "ते आमचे हे बघतात". मीही तेच म्हटलं होतं. त्या रात्री मुलाला फोन केला, तो जरा दुखावला. पण पुढच्या रविवारी येऊन त्याने आम्हा तिघींना शेजारी बसवून शिकवलं आणि आपल्यासमोर पासवर्ड बदलायला लावून निघून गेला. शिकायला दोन रविवार लागले. माझं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं, दुसरी अंगणवाडी सेविका, तिसरी शिवणकाम करते. तेव्हा 'आम्हाला नाही जमायचं' हे मी आता ऐकून घेणार नाही.

जळगावात राहून मी हे एवढं ताणून धरते त्याला कारण आहे. १९९४ साली इथलं प्रकरण उघडकीला आलं. मुलींना, बायकांना जाळ्यात ओढायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि ते फोटो दाखवायच्या धमकीवर पुन्हा पुन्हा अत्याचार करायचे, असं ते प्रकरण होतं. राज्यभरातून स्त्री संघटना आल्या, मोर्चे निघाले, खटल्यांसाठी विशेष न्यायालय नेमलं गेलं. तक्रार द्यायला मात्र फार थोड्या जणी पुढे आल्या. मी तेव्हा तिशीत होते. आमच्या गल्लीतल्या मुली कित्येक महिने फॉर्मला लावायचा फोटो काढायलाही एकट्या जात नव्हत्या, आणि जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं मागे फिरतात, हे घरोघरी ऐकू येत होतं. त्या काळी फोटो म्हणजे कागद आणि निगेटिव्ह. ती कोणाच्या खणात आहे, हाच प्रश्न होता. आज खण बदललाय, प्रश्न तोच आहे.

हे घरगुती पेट्यांनाही लागू आहे. धुळ्याच्या केंद्रात आलेल्या एकीच्या घरी नवऱ्याने हौसेने अशी पेटी बसवली होती. सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप पेटीत जातील, मुलांचे वाढदिवस जपले जातील, असं त्याने सांगितलं आणि तिच्याही फोनवर ते ॲप टाकून दिलं. पुढे तिने हातावरच्या वळांचे फोटो काढले, आमच्याकडे लिहिलेल्या अर्जाचा फोटो काढला आणि फोनमधून लगेच पुसूनही टाकला. फोनमधून गेला, पेटीत राहिला. संध्याकाळी तो अर्ज तिच्यापुढे धरला गेला. पेटीत बिघाड नव्हता. तिला जे काम दिलं होतं ते तिने चोख केलं. मैत्रिणींनो, घरी अशी पेटी असेल तर आपल्या फोनवरून काय आपोआप जातं ते आज बघा. प्रत्येकीचं वेगळं खातं आणि वेगळा कप्पा करता येतो, फार तर पाच मिनिटांचं काम आहे. मात्र ज्याच्याकडे मुख्य खातं, त्याला सगळे कप्पे उघडता येतात. तेव्हा वेगळा कप्पा मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पेटी चोरीला गेली तर काय, याचंही उत्तर खरेदीच्या आधी हवं. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करायची, म्हणजे एन्क्रिप्शनची सोय असेल तरच पेटी घ्या. अगदी स्वस्तात ती नसते, किंवा असली तरी पेटीला ओझं होऊन सगळं संथ चालतं. आमच्या पेटीत ती होती, पण मुलाने सोयीसाठी 'चालू झाल्यावर आपोआप उघड' असं ठेवलं होतं. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवलेली. ते आम्ही काढलं. आता लाइट जाऊन पेटी बंद पडली की दर वेळी तिघींपैकी एकीने येऊन किल्लीचे शब्द टाकावे लागतात. कटकट आहे, पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा. ती आम्ही पत्करली.

'जगात कुठूनही आपल्या फाइली उघडा' अशी जाहिरात असते. त्या सोयीला आम्ही हात लावला नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' नावाच्या जुन्या पेट्या जगभर एकाएकी रिकाम्या झाल्या. कोणीतरी इंटरनेटवरून शिरून त्या पुसून टाकल्या होत्या. कंपनीने त्यांची दुरुस्ती २०१५ मध्येच बंद केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत शिरून लोकांच्या फाइलींना परस्पर कुलूप घालून खंडणी मागितली गेली. २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या पेट्यांत एक चोरदार सापडलं, तेव्हा कंपनीने दुरुस्ती न देता त्या टाकून द्या असं सांगितलं. म्हणून जुनी, वापरलेली पेटी निम्म्या किमतीत मिळतेय म्हणून भुलू नका. कंपनी तिला अजून दुरुस्त्या देते का, हे आधी बघा. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची एक सोय असते, ती पेटीसाठी बाहेरचं दार आपोआप उघडून देते. ती बंद करा. आमची पेटी घराबाहेर कोणाशी बोलत नाही, कंपनीकडून दुरुस्ती घ्यायची तेवढी सोडून.

दोन डिस्क आहेत म्हणून सुटलो असंही नाही. एकीवरची फाइल चुकून पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते. आग, चोरी, पूर यांना दोन्ही डिस्क एकच. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्याची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, तीही कुलूपबंद, आणि ती धुळ्याला न्यायची. तिथली आधीची डिस्क परत आणायची. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर, एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने. डिस्क ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवायची, वर फळीवर नाही.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत जड गेली ती सांगते. दिवाळीनंतर एक जुनी बाई आली. तिचं मिटलं होतं, वेगळी राहते, कमावते. ती म्हणाली, "ताई, माझं सगळं काढून टाका. फोटो, जबाब, सगळं. मला ते कुठेच नको आहे." आम्ही लगेच हो म्हटलं. मग पुसायला बसलो तेव्हा कळलं. पेटीतून काढलं तरी पेटी जुन्या अवस्थेची छबी ठेवते, त्यात होतं. धुळ्याच्या डिस्कवर होतं. वकीलबाईंना पाठवलेल्या ईमेलमध्ये होतं. माझ्या जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये होतं. सगळं पुसायला पाच आठवडे लागले, आणि तिला खात्रीने सांगायला मला पाच आठवडे धीर झाला नाही. हरवू नये म्हणून आपण जितक्या नकला करतो, तितकं पुसणं अवघड होतं. आमच्यात यावर भांडणही झालं. एकीचं म्हणणं, हा आपल्या चळवळीचा इतिहास आहे, निदान नाव काढून ठेवू. माझं म्हणणं, जिचा आहे तिने नको म्हटलं की विषय संपला. बलात्कार झालेल्या बाईचं नाव उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ नुसार, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार. पण आपल्याच कपाटातलं नाव तिच्या इच्छेनुसार काढून टाकायची शिस्त कलमाची वाट न बघता आपणच लावून घ्यायची आहे. आता जबाब घेतानाच विचारतो, किती वर्षं ठेवू, आणि प्रत्येकीच्या कागदांची नक्कल कुठे कुठे गेली त्याची वही ठेवतो. साधी शंभर पानी वही.

कोर्टाचं एक सांगून ठेवते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे फोटो किंवा टेप पुरावा म्हणून देताना जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी अंगठा बदलतो. म्हणून व्हॉट्सॲपवरून फोटो मागवून पेटीत ठेवण्यात अर्थ कमी, तो वाटेत दाबून लहान केलेला असतो. फोनमधली मूळ फाइल वायरने घ्या, आणि शक्य असेल तिथे फोनही जपायला सांगा. पेटीत नक्कल आहे म्हणून बाईने फोन विकून टाकला, असं आमच्याकडे एकदा होता होता वाचलं.

धुळ्याला गेले की वेळ असेल तर मी राजवाडे संशोधन मंडळावरून जाते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. त्यांनी दारोदार फिरून जमवलेले कागद आजही वाचता येतात. माझी २००३ सालची सीडी मात्र कुठल्याच यंत्रात उघडत नाही. डिस्कही पाचेक वर्षांत बदलावी लागणार, हे धरूनच चाला. त्यामुळे जबाब, आदेश, दवाखान्याचा कागद अजूनही छापून लोखंडी कपाटात ठेवतो. आणि आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंचं काय झालं तेही विसरू नका. बाईला लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली, ती गेल्यावर, पुस्तक निघालं. उतरवून घेणारं घरात कोणी नव्हतं अशा किती जणींचं गेलं, ते कोण सांगणार? म्हणून मी साठवण्याच्या बाजूची आहे, पुसायचा हक्क मान्य करूनही.

किल्लीच्या शब्दांचे तीन कागद केलेत, तीन बंद पाकिटांत. एक माझ्याकडे, एक धुळ्याला. ते शब्द हरवले तर पेटीतलं कोणालाच, अगदी कंपनीलाही उघडता येणार नाही, म्हणून तिसरं पाकीट हवं. ते कोणाकडे ठेवायचं यावर अजून एकमत नाही. वकीलबाई नको म्हणतात, बँकेच्या लॉकरला भाडं आहे. अमळनेरच्या एका मैत्रिणीने तयारी दाखवलीय, तिच्या घरी ती आणि तिची म्हातारी आई दोघीच असतात. पुढच्या महिन्यात डिस्क न्यायची पाळी माझी आहे, तेव्हा वाकडी वाट करून अमळनेरला जाऊन येईन.